नाक्यावरचा एक रुपयाचा फोन: मुंबईत आता कुठे उरलाय का?

अनघा_परळ
केईएम आणि टाटा रुग्णालयाच्या आसपास माझं रोजचं येणं-जाणं आहे. तिथल्या एका दुकानावर 'एसटीडी-आयएसडी-पीसीओ' अशी, म्हणजे पैसे देऊन गावी-परदेशी फोन करायच्या बूथची, पिवळी पाटी अजून टिकून आहे. आत झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज, मोबाइलची कव्हरं. फोन मात्र नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "पाटी काढायलाही पैसे लागतात, ताई."

आठवणींसाठी धागा काढलेला नाही, त्या येतीलच. मला वेगळंच खटकतंय. टाटाला बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, आपला विदर्भ, मराठवाडा अशा ठिकाणांहून माणसं येतात. बऱ्याच कुटुंबांकडे सगळ्यांत मिळून एकच मोबाइल असतो. तो आत पेशंटपाशी ठेवायचा, की औषधं आणायला बाहेर पडलेल्याच्या खिशात? बॅटरी उतरली किंवा फोन चोरीला गेला तर ते माणूस या शहरात पूर्णपणे एकटं पडतं. पूर्वी निदान एक रुपया खिशात असला की नाक्यावर जाता यायचं.

म्हणून दोन प्रश्न. मुंबईत चालू स्थितीतला सार्वजनिक फोन कुणी अलीकडे पाहिलाय का? आणि मोठी रुग्णालयं, स्टेशनं, एसटी आगारं इथे तो पुन्हा असावा असं तुम्हाला वाटतं का? माझं उत्तर 'असावाच' असं आहे.

लालबागचा_बाळा
कॉइन बॉक्स! आमच्याकडे पानाच्या गादीवर असायचा. पलीकडच्याने उचलला की त्याचं 'हॅलो, हॅलो' आपल्याला ऐकू यायचं, पण नाणं आत पडेपर्यंत आपला आवाज तिकडे जायचा नाही. त्या एका क्षणात नाणं अडकलं की जीव जायचा. आणि वेळ संपत आली की टुक-टुक वाजायचं, म्हणून दुसरा रुपया डाव्या मुठीत तयार ठेवायचा.

चालू फोन मात्र गेल्या कित्येक वर्षांत दिसलेला नाही.

मंदार_डोंबिवली
अनघाताई, भावना समजली, पण मी असहमत. फूटपाथवर चालायला जागा नाही आणि आपण तिथे पुन्हा डबे उभे करायचे? ते सांभाळणार कोण? शेवटच्या काळात निम्म्या कॉइन बॉक्सचे रिसीव्हर तुटलेले असायचे, नाणं गिळून गप्प बसायचे. त्यापेक्षा रुग्णालयात चांगली चार्जिंगची सोय द्या. कुणाचा फोन हरवलाच तर शेजारच्या माणसाकडे मागावा, मुंबईत कुणी नाही म्हणत नाही. सरकारी पैसा मर्यादित आहे, तो जिथे माणसं आहेत तिथे लागावा, आणि माणसं आता मोबाइलवर आहेत.

सुहासिनी
वाचतेय. छान विषय.

निवृत्त_जोडारी
माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या तारांमध्ये गेली. १९८६ साली मुंबई-दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम झालं तेव्हा आम्ही जुन्या खात्यातून तिकडे गेलो. थोडं विस्ताराने लिहितो, कारण 'मोबाइल आला आणि पीसीओ गेला' इतकं ते सरळ घडलेलं नाही.

आधी ट्रंक कॉल होता. फाउंटनच्या तारघरात जाऊन नंबर नोंदवायचा आणि बाकावर बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे दर. लायटनिंग लावणारा माणूस दिसला की सगळे समजायचे, घरात काहीतरी झालंय. घरी फोन हवा असेल तर प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची.

१९८४ मध्ये सी-डॉट ही टेलिफोन तंत्रज्ञानाची सरकारी संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदा यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. त्या लोकांनी खेड्यांसाठी १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज बनवलं. वातानुकूलित खोली नको, धूळ-उकाडा सहन करणारं. शहरातल्या पीसीओला खरा अर्थ त्याने आला. मुंबईतल्या माणसाला फोन करायचा असतो गावी, आणि गावात वाजायला काही नसेल तर इथला बूथ काय कामाचा?

बूथमधलं ते लाल आकड्यांचं यंत्र कसं चालायचं तेही सांगतो. पलीकडच्याने फोन उचलला की एक्स्चेंज तारेवरची ध्रुवता उलटी करायचं, प्लसचं मायनस. यंत्र ते ओळखून मीटर सुरू करायचं. म्हणजे फोन न उचलल्याचे पैसे लागत नसत. ही सोय चोख होती, म्हणूनच गरीब माणसाचा त्या यंत्रावर भरवसा होता.

आता ऱ्हासाकडे. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. पण सुरुवातीला मिनिटाला आठ ते सोळा रुपये पडत, आणि आलेल्या फोनलाही पैसे. त्या काळात पीसीओची उलट भरभराट झाली. पेजर वाजला की माणूस कॉइन बॉक्सकडे धावायचा, मिस्ड कॉल आला की बूथवर जाऊन उलट फोन करायचा. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले, तो पहिला घाव. दुसरा १ मार्च २००६ चा, देशभर एक रुपयात एक मिनिट. लोकांना आनंद झाला, मलाही झाला. पण बूथवाल्याचं उत्पन्न म्हणजे बिलावरचं कमिशन. बिलच एवढं खाली आलं तर कमिशनमध्ये भाडं कसं निघणार? बूथ ओस पडायच्या आधीच परवडेनासे झाले होते. २०१६ नंतर तर बोलण्याचे वेगळे पैसेच उरले नाहीत.

चाकरमानी_कणकवली
जोडारीकाका, १२८ लाइनच्या एक्स्चेंजला माझा दंडवत. आमच्या वाडीत फोन फक्त दुकानात होता. रविवारी रात्री उशिरा, दर पाव झाला की करी रोडच्या बूथवरून लावायचा. दुकानदार उचलायचा. "भाऊ, आयेक बोलव, मी धा मिनटांनी परत करतंय." ठेवायचा. मग रांगेत पुन्हा मागे. दहा मिनिटांनी आई दम लागलेल्या आवाजात फोनवर. पाणंदीतून, अंधारात, कंदील घेऊन आलेली असायची. अर्धा वेळ "जेवलंस काय?" मध्ये जायचा आणि उरलेला अर्धा "ठेव आता, पैसे जातत" मध्ये.

रांगेतल्या सगळ्यांना सगळ्यांच्या घरचं माहीत असायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा जमिनीचा दावा कुठवर आला. फोन ठेवून बाहेर आलं की मागचा विचारायचा, "काय, झालं का तारखेचं?"

विद्या_गिरगाव
चाळीत आमच्याकडे फोन होता. त्यामुळे अख्ख्या मजल्याच्या लग्नपत्रिकांवर आमचाच नंबर, पुढे 'पीपी', म्हणजे फोन शेजारच्यांचा, माणसाला बोलावून घ्या. आई हातातलं काम टाकून गॅलरीत जाऊन हाक मारायची. डायलला कुलूप असायचं, पण हुशार मुलं हुक टपटप दाबून तरीही नंबर लावायची!

मंदार, "शेजारच्याकडे मागावा" हे तुम्ही म्हणताय ते त्या काळी चालायचं कारण शेजारी ओळखीचा होता.

पीसीओवाल्याची_लेक
हा धागा दोनदा वाचला. लिहू की नको करत होते.

माझ्या बाबांना लहानपणी पोलिओ झाला होता. अपंग, माजी सैनिक अशांना पीसीओ देताना प्राधान्य होतं, त्यातून त्यांना स्टेशनबाहेरचा बूथ मिळाला. माणूस आत बसला की दुसऱ्याला वळायला जागा नाही एवढाच तो. त्यावर आमचं घर चाललं, आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं झाली.

शाळेतून आले की मी तिथेच बसून अभ्यास करायचे. सगळे कोड आपोआप पाठ झाले. कोल्हापूर ०२३१, सांगली ०२३३, सोलापूर ०२१७, नाशिक ०२५३, नागपूर ०७१२. बाबांना तर बिहार-उत्तर प्रदेशातल्या जिल्ह्यांचेही पाठ होते. गिऱ्हाइकाने गावाचं नाव घ्यायचा अवकाश, बाबांचं बोट बटणांवर. ज्यांना आकडे वाचता येत नसत ते चिठ्ठी पुढे करायचे, घामाने पुसट झालेली. ती चिठ्ठी बाबा आमच्या वहीत उतरवून ठेवायचे. एकाची चिठ्ठी हरवली तेव्हा वहीतून नंबर मिळाला. त्या माणसाने बाबांचे पाय धरले होते.

"चाळीस रुपये आहेत, चाळीस झाले की सांगा," असं सांगून लोक फोन हातात घ्यायचे. आणि मग बोलताना नजर माणसात नाही, लाल आकड्यांवर. बाबा पस्तीसला हळूच काचेवर टकटक करायचे. कुणी रडायला लागलं तर टकटक करायचे नाहीत. तेवढे वरचे पैसे आमच्या गल्ल्यातून जायचे, आणि आईला ते माहीत होतं, ती कधी बोलली नाही.

लोक बूथमध्ये काय काय बोलत! नोकरी गेल्याचं बायकोला सांगताना "पगार उशिरा होणार आहे" म्हणणारे. घरून पळून आलेले. दहावीचा निकाल सांगणारे, किंचाळून. बाबांनी ऐकलेलं घरात कधीही सांगितलं नाही. आम्ही खोदून विचारलं तरी नाही. धंद्याचा हा नियम कुठेच लिहिलेला नव्हता, त्यांनी तो स्वतःवर घालून घेतला होता.

२००७-०८ नंतर दिवसाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके कॉल. मग रिचार्ज, मग झेरॉक्स. बाबांनी तक्रार केली नाही, पण रिचार्जमध्ये त्यांचं मन रमलं नाही. म्हणायचे, "माणूस येतो, दहा अंकी नंबर सांगतो आणि जातो. कुठून आलाय तेही कळत नाही."

अनघाताई, बूथ परत यावा असं मी म्हणणार नाही, त्यावर आता कुणाचं पोट भरणार नाही. पण फोन असावा. नक्की असावा.

लालबागचा_बाळा
ताई, काय लिहिलंत. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

सुहासिनी
+१. डोळे भरून आले.

मंदार_डोंबिवली
वरचा प्रतिसाद वाचून मलाही गलबलून आलं. तरी मुद्दा तोच राहतो. आठवणी मौल्यवान आहेत म्हणून यंत्रणा परत आणायची का? तारघरही गेलंच ना. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, शेवटच्या दिवशी रांगा लागल्या, दुसऱ्या दिवसापासून कुणाचं काही अडलं नाही.

रेल्वेप्रवासी_विरार
मंदार, तार आणि फोन यांत फरक आहे. २६ जुलै २००५ आठवा. मोबाइलचं जाळं कोलमडलं होतं. मी अंधेरीहून चालत निघालो होतो, कमरेपर्यंत पाणी. एका इमारतीच्या पायरीवर दुकानदाराने लँडलाइन बाहेर काढून ठेवला होता, पन्नासेक माणसं शिस्तीत उभी. प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, "मी ठीक आहे, वाट बघू नका," आणि ठेवायचा. कुणी पैसे मागितले नाहीत. पुढच्या वर्षी ११ जुलैला लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हाही तेच. हातातला मोबाइल मुका आणि पीसीओपुढे रांगा. त्या दिवशी माझी बायको तासन् तास दारात उभी होती. तिला माझा आवाज पोचला तो पीसीओवरून.

निवृत्त_जोडारी
विरारकर, याचं कारण सांगतो. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन एक्स्चेंजमधल्या बॅटरीवर चालतो, ४८ व्होल्ट त्याच तारेतून येतात. घरची वीज गेली तरी फोन जिवंत. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा ज्यांच्याकडे जुना तांब्याचा फोन होता त्यांचा चालू राहिला. फायबरचा फोन मात्र घरातल्या राउटरवर असतो, वीज गेली की तोही गेला. आता तांबं झपाट्याने जातंय. त्यामुळे उद्या सार्वजनिक फोन बसवायचा म्हटलं तर त्याला स्वतःची बॅटरी लागेल, हे आधीच लक्षात घ्यावं.

शलाका_समाजकार्य
या चर्चेत अजून मुलांचा विषय आला नाही, म्हणून लिहिते. मी रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसोबत काम केलं आहे.

चाइल्डलाइन १०९८, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीची हेल्पलाइन, मुंबईतच सुरू झाली, १९९६ साली, टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने. 'दस, नौ, आठ' अशी उलटी गिनती, शाळेत न गेलेल्या मुलालाही पाठ होणारी. आणि तो फोन फुकट होता. प्लॅटफॉर्मवरचं आठ-नऊ वर्षांचं पोर कुठल्याही पीसीओवर जाऊन स्वतः फोन करू शकत होतं. बूथवाले ओळखीचे झालेले असत, ते स्टूल सरकवून द्यायचे. आजारी मित्रासाठी, मारहाण झाली म्हणून, घरी जायचंय म्हणून मुलं फोन करायची.

१०९८ आजही आहे. आता ती सेवा सरकार चालवतं आणि ती ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशी जोडलेली आहे. पण ज्याच्याकडे मोबाइल नाही त्या मुलाने तो लावायचा कुठून? त्याला कुणातरी मोठ्या माणसाकडे फोन मागावा लागतो. आणि ज्याच्या तावडीतून सुटायचंय, बऱ्याचदा जवळ असलेला मोठा माणूस तोच असतो.

हेच बायकांचं. नवऱ्याच्या नावावरचा मोबाइल, कॉलची यादी रात्री तपासली जाते. अशी बाई भाजी आणायला म्हणून बाहेर पडून पूर्वी एक रुपयात माहेरी फोन करू शकायची. तो रुपया आणि ती तीन मिनिटं तिची स्वतःची होती. मंदार, माणसं मोबाइलवर आहेत हे खरं, पण सगळ्या माणसांच्या हातात त्यांचा स्वतःचा मोबाइल नाही.

मेलबर्नची_मीनल
शलाकाताई, अगदी हाच मुद्दा इकडे मांडला जातो. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा या टेलिफोन कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सार्वजनिक फोनवरून देशांतर्गत कॉल फुकट केले. नाणं नको, कार्ड नको. घर नसलेले लोक, घरातल्या हिंसेतून बाहेर पडलेल्या बायका यांना त्याचा मोठा आधार आहे. मी राहते तिथे स्टेशनजवळ आहे, चालू असतो, स्वच्छ असतो. न्यूयॉर्कने मात्र मे २०२२ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळचा शहराच्या मालकीचा शेवटचा सार्वजनिक फोन काढून टाकला. म्हणजे श्रीमंत शहरांनीही एकच उत्तर दिलेलं नाही.

जपानमध्ये आम्ही काही वर्षं होतो, तिथे भूकंपाचा विचार करून सार्वजनिक फोन ठेवलेले आहेत. १९९५ च्या कोबेच्या भूकंपाचा अनुभव लोक अजून सांगतात. मोठ्या आपत्तीत ते फुकट करतात.

अक्षय_कांदिवली
अवांतर: इथे किती जणांना घरच्यांचे नंबर पाठ आहेत? फोन बसवला तरी लावणार कुणाला? मला फक्त आईचा येतो, कारण तो कधी बदलला नाही.

विद्या_गिरगाव
अक्षय, मला आमचा सात आकडी नंबर अजून येतो, पुढे दोनचा आकडा लागायच्या आधीचा. नातवाला मात्र आईबाबांचे नंबर मी मुद्दाम पाठ करून घेतले, पाढ्यांसारखे. सगळ्यांनी करून घ्यावेत. शाळेच्या दप्तरातही एक चिठ्ठी ठेवावी.

चाकरमानी_कणकवली
माका माझ्या सासरवाडीचो दुकानातलो नंबर पाठ आसा. दुकान बंद झाला, नंबर जात नाय डोक्यातसून.

रेल्वेप्रवासी_विरार
मंदारच्या "मुंबईत कुणी नाही म्हणत नाही" वर एक. आता म्हणतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. फोनमध्ये बँक आहे, ओटीपी येतो, सगळं आयुष्य आहे. फसवणुकीच्या इतक्या बातम्या वाचल्यावर अनोळखी माणसाच्या हातात अनलॉक केलेला फोन कोण देईल? परवा दादरला एक वयस्कर गृहस्थ फोन मागत होते, माणसं नजर चुकवून पुढे जात होती. मी नंबर लावून स्पीकरवर त्यांना मुलीशी बोलायला दिलं. त्या बापड्यांना घरातलं दुखणं भर पुलावर मोठ्याने बोलावं लागलं.

मंदार_डोंबिवली
शलाकाताईंचा मुद्दा मला पटला. माझ्या डोळ्यांसमोर फक्त हरवलेला मोबाइल होता, दुसऱ्याच्या ताब्यातला नव्हता. तरी फूटपाथवर डबे नकोत, यावर मी ठाम आहे. जिथे चोवीस तास माणूस हजर असतो तिथेच फोन असावा. रुग्णालयाची चौकशी खिडकी, स्टेशनमास्तरांच्या खोलीबाहेरची भिंत, एसटीचा चौकशी कक्ष. म्हणजे तुटणार नाही, आणि बंद पडला तर कळेल.

निवृत्त_जोडारी
मंदारराव, मी नेमकं हेच सुचवणार होतो. करणं फार अवघड नाही. सिमकार्डावर चालणारा टेबलफोन बाजारात मिळतो, दिसायला जुन्या फोनसारखा, आत बॅटरी. फक्त बाहेर जाणारे कॉल ठेवायचे, देशांतर्गत, पाच मिनिटांची मर्यादा. ११२ आणि १०९८ ला मर्यादा नको. आता बोलण्याचे पैसे जवळपास लागतच नाहीत, त्यामुळे नाण्याची भानगडच नको. एकच खबरदारी, त्यावरून लावलेल्या नंबरांची यादी पडद्यावर दिसता कामा नये. रिडायलचं बटणही बंद ठेवावं. मागच्या माणसाने कुणाला फोन केला हे पुढच्याला कळू नये.

शिवाय भिंतीकडे तोंड करून उभं राहता येईल अशी जागा. पीसीओवाल्याच्या लेकीने तिच्या बाबांबद्दल जे लिहिलंय, ते यंत्रात बसवायचं तर एवढं तरी लागेल.

पीसीओवाल्याची_लेक
काका 🙏
बाबांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, शेजारी एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन ठेवा. पलीकडून नंबर किंवा पत्ता सांगितला तर लिहून घ्यायला कागद मिळत नाही, लोक हातावर लिहितात आणि घामाने जातं. वहीचं पान फाडून नेता आलं पाहिजे. आणि फोन बसून बोलता येईल इतक्या उंचीवर हवा, काठी किंवा व्हीलचेअर असलेल्यांना पोचेल असा.

अनघा_परळ
सगळ्यांचे मनापासून आभार. चालू स्थितीतला एकही फोन कुणाला माहीत नाही, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुसऱ्याबद्दल मी नुसतं बोलून थांबणार नाही. परळच्या रुग्णालयांना आणि दादर स्टेशनला द्यायच्या अर्जाचा मसुदा या आठवड्यात लिहिते. जोडारीकाकांचा तपशील, शलाकाताईंचा १०९८ चा मुद्दा आणि बाबांची वही-पेन-उंची, तिन्ही त्यात असतील. शलाकाताई, तुमच्या माहितीतल्या संस्था सही करतील का ते विचाराल? विरारकर, पश्चिम रेल्वेकडे अर्ज नेमका कुणाच्या नावाने द्यायचा?

रेल्वेप्रवासी_विरार
माझा एक मित्र प्रवासी संघटनेत आहे, त्याला आत्ताच फोन लावतो. उद्या इथेच लिहितो.

मंदार_डोंबिवली
मध्य रेल्वेचा अर्ज मी घेतो. कल्याण आणि ठाणेही घाला त्यात.